मुक्या पेटीची कुळकथा

मिरजेच्या एखाद्या तंतुवाद्याच्या कारखान्यात आढ्याला टांगलेल्या वाळक्या भोपळ्यावर ज्याने एकदा टिचकी मारून पाहिली असेल, त्याला पोकळी म्हणजे काय हे पदार्थविज्ञानाच्या पुस्तकावाचूनच कळलेले असते. त्या रिकाम्या पोटातून जो घुमारा उमटतो, तो वाढावा, गोड व्हावा, तारेच्या कंपनाला त्याचा आधार मिळावा, यासाठी तर भोपळा आतून खरवडून साफ करायचा, वाळवायचा आणि रिकामा ठेवायचा. वाद्याची पेटी, मग ती तंबोऱ्याची असो, सारंगीची असो वा पाश्चात्त्यांच्या व्हायोलिनची असो, स्वतः बोलते, आणि तिच्या बोलण्यावरच कारागिराची पत ठरते. परंतु विसाव्या शतकाने अशीही एक पेटी जन्मास घातली की जिचा सर्वश्रेष्ठ गुण मौन हा आहे. जिच्या मुखातून सतार ऐकू यावी, सनई ऐकू यावी, माणसाचा उच्छ्वासदेखील ऐकू यावा, पण जिचा स्वतःचा एक शब्दही ऐकू येता कामा नये. ती पेटी म्हणजे लाउडस्पीकरची पेटी. तिला मुकी करण्यासाठी तिच्या पोटात नमदा, कापूस, लोकर, काचेचे तंतू असे जे जे जिन्नस माणसाने कोंबले, त्यांची कुळकथा पाहू गेल्यास ती प्रयोगशाळेपेक्षा माजघरात आणि गादीवाल्याच्या दुकानात अधिक घडलेली दिसते.

कथेचा आरंभ १९२५ साली करणे सोयीचे. त्या वर्षी अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीत काम करणारे चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी, चुंबकाच्या फटीत हलणारे तारेचे वेटोळे आणि त्याला जोडलेला कागदाचा शंकू अशा ज्या यंत्राची रचना विद्वानांपुढे मांडली, तिचीच वंशपरंपरा आजतागायत आपल्या घरोघरी नांदते आहे. या शंकूचा एक स्वभावदोष असा की तो पुढच्या हवेला ढकलतो त्याच क्षणी मागच्या हवेला ओढतो. म्हणजे पुढे जे जमा होते तेच मागे खर्ची पडते, आणि खर्जाच्या दीर्घ लहरी शंकूच्या कडेवरून वळून एकमेकींस भेटल्या की दोन्ही खाती बरोबर होऊन शिल्लक शून्य उरते. यावर पहिली तजवीज फळीची. शंकू एका मोठ्या फळीच्या भोकात बसवला की मागची लहर पुढे यायला लांबचा वळसा पडतो. परंतु खर्ज नीट ऐकू यावा म्हणून लागणारी फळी एवढी प्रशस्त की तिच्यासाठी दिवाणखान्याची एक भिंतच इनाम द्यावी लागे. म्हणून फळीच्या कडा मागे वळल्या, तिचे खोके झाले, खोक्याला पाठ आली, आणि मागच्या लहरीला अखेर चारी बाजूंनी कोंडण्यात आले.

कोंडलेला कैदी गप्प बसत नाही, हे येथेही खरे ठरले. पेटीच्या एका भिंतीवर आपटलेली लहर समोरच्या भिंतीवर जाते, तेथून परतते, आणि ज्या स्वराची अर्धी लहर त्या दोन भिंतींमधील अंतराशी जुळेल त्या स्वराला पेटी उचलून धरते. आतून साठ सेंटिमीटर उंचीची पेटी घेतली, तर सेकंदाला ३४३ मीटर धावणारा ध्वनी तिच्यात सुमारे २८५ आवर्तनांच्या स्वराला असा जखडून राहतो. आणि हा स्वर नेमका माणसाच्या कंठाच्या हद्दीतला. शंकूचा कागद पातळ, त्यामुळे आतला हा कोलाहल थोड्या विलंबाने त्याच कागदातून पुन्हा बाहेर येतो, आणि रांजणात तोंड घालून कोणी बोलावे तसा गायकाचा आवाज ऐकू येतो. ज्यांनी जुन्या काळी घरी पेट्या बनवल्या त्यांना या दोषाचे गणित बहुधा ठाऊक नव्हते. दोष मात्र पहिल्याच दिवशी ऐकू आला, आणि घरातले जे काही मऊ हाताशी लागले ते त्यांनी आत टाकून पाहिले.

मऊ वस्तू कोठे टाकावी, हाच या विद्येचा कळीचा प्रश्न होय. तंतूंच्या दाटीतून हवा जाताना त्यांना घासते, त्या घर्षणात तिच्या हालचालीची ऊर्जा उष्णतेत जिरते; म्हणजे तंतू हा एक प्रकारचा जकातीचा नाका झाला. पण नाका रहदारीच्या वाटेवर हवा. भिंतीला अगदी लगटून असलेल्या हवेला पुढेमागे हलायला जागाच नसते. तेथे दाब चढतो-उतरतो, परंतु वाहतूक शून्य. वाहतूक सर्वाधिक असते ती भिंतीपासून पाव लहर दूर. म्हणून भिंतीला डकवलेला बोटभर जाड नमदा तीव्र, आखूड लहरींकडून चोख वसुली करतो आणि दीर्घ लहरींना बिनजकात सोडून देतो. वर सांगितलेल्या २८५ आवर्तनांच्या स्वराला पकडायचे तर नाका पेटीच्या मधोमध घालावा लागतो. एवढे एक तत्त्व ध्यानी घेतले की पुढच्या पन्नास वर्षांचा इतिहास म्हणजे कापडाने भिंत सोडून हळूहळू पेटीच्या मध्याकडे केलेला प्रवास आहे, असे म्हणता येते.

पहिल्या मुक्कामावर नमदाच होता. सर्वसाधारण रेडिओची पेटी तर मागून उघडीच असे, आणि तिच्या घुमण्यालाच लोक ‘भरदार आवाज’ म्हणत. ज्यांना त्याहून चांगले हवे होते त्यांच्यासाठी १९३० साली बेल प्रयोगशाळेतील अल्बर्ट थुरास यांनी पेटीला मोजून-मापून एक भोक ठेवून मागच्या लहरीकडूनच खर्जाची चाकरी करून घेण्याच्या युक्तीबाबत पेटंटसाठी अर्ज केला. १९३६ साली स्ट्रॉम्बर्ग-कार्लसन कंपनीच्या बेंजामिन ओल्नी यांनी आणखी निराळी वाट काढली. पेटीत आडव्या फळ्या घालून त्यांनी एक लांब, नागमोडी बोळ तयार केला, त्या बोळाच्या भिंतींना शोषक अस्तर लावले, आणि मागच्या लहरीला त्या भूलभुलैयातून पिटाळले. अस्तर अजून भिंतीवरच होते. परंतु लहरीला कोंडण्यापेक्षा चालवून दमवावे, ही कल्पना येथे प्रथम स्पष्ट झाली, आणि तीस वर्षांनी ती ज्या गावी फळास आली त्या गावाकडे आता वळले पाहिजे.

इंग्लंडच्या यॉर्कशर परगण्यातील ब्रॅडफर्ड हे गाव लोकरीवर जगले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जेमतेम तेरा हजार वस्तीचे हे गाव शतकाच्या मध्यावर लाखाच्या वर गेले, ते वर्स्टेड कापडाच्या बळावर. वर्स्टेडचे मर्म असे की लोकर आधी विंचरायची. लांब केस एका दिशेने सरळ लावून घ्यायचे, आखूड केस निराळे काढायचे, आणि त्या लांब केसांचाच घट्ट, गुळगुळीत धागा वळायचा. लोकर विंचरणाऱ्यांचा संरक्षक म्हणून संत ब्लेझ यांचा उत्सव तेथे थाटाने होई. १८२५ साली तो झाला, आणि त्याच वर्षी विंचरणाऱ्यांनी जो संप केला त्यात त्यांचा पाडाव झाला. पुढे यंत्रे आली, टायटस सॉल्ट यांनी १८५३ साली अल्पाकाच्या कापडाची प्रचंड गिरणी आणि तिच्याभोवती सॉल्टेअर हे गाव वसवले, आणि लोकरीच्या सौद्यांसाठी गॉथिक शिखरांचे एक्स्चेंज उभे राहिले. या व्यापारी गावाला संगीताचाही कान होता. जर्मनीहून येऊन स्थायिक झालेल्या लोकरीच्या एका व्यापाऱ्याच्या घरी येथेच १८६२ साली फ्रेडरिक डीलियस हा संगीतकार जन्मला. बापाने त्याला लोकरीच्या धंद्यात घालण्याची पराकाष्ठा केली आणि ती निष्फळ ठरली. लोकर आणि संगीत यांची सोयरीक त्या घरात जुळली नाही. गावात ती जुळली, पण फार उशिरा आणि अगदी अनपेक्षित जागी.

या सोयरिकीतला पहिला मध्यस्थ गिल्बर्ट ब्रिग्ज. कापडाच्या व्यापारात बरीच वर्षे घालवलेल्या या गृहस्थाने मंदीच्या दिवसांत, १९३२ साली, इल्क्ली येथील आपल्या घराच्या तळघरात पहिला लाउडस्पीकर बनवला, आणि ज्या नदीच्या खोऱ्यात ते घर होते त्या खोऱ्यावरून आपल्या धंद्याला ‘व्हार्फडेल’ हे नाव दिले. पुढच्याच वर्षी ब्रॅडफर्ड रेडिओ सोसायटीच्या स्पर्धेत त्यांच्या यंत्रांनी पहिला क्रमांक पटकावला. ब्रिग्ज शास्त्रज्ञ नव्हते; पियानोचे वेडे होते आणि लिहिण्याची हातोटी त्यांना होती. १९४८ साली त्यांनी स्वतःच छापलेले लाउडस्पीकरवरचे छोटे पुस्तक हातोहात खपले, कारण युद्धोत्तर इंग्लंडात तयार पेटी घेण्याची ऐपत नसलेला, पण करवत आणि रंधा चालवू शकणारा एक मोठा हौशी वर्ग अशा पुस्तकाची वाटच पाहत होता. शंकू विकत आणायचा, पेटी घरी करायची, हा त्या वर्गाचा शिरस्ता. आणि समोरासमोरच्या भिंतींच्या प्रत्येक जोडीतील निदान एकीला नमद्याचे अस्तर लावावे, म्हणजे लहरीला दोन्हीकडून टणक भिंत मिळणार नाही, ही त्यांची वहिवाट.

ब्रिग्ज यांचे विशेष लक्ष मात्र पेटीतल्या हवेपेक्षा पेटीच्या लाकडाकडे होते. हवा घुमते तशी फळीही घुमते, ही दुसरी तक्रार. तिच्यावर त्यांचा तोडगा अगदी गवंड्याचा: दोन पातळ फळ्यांच्या मधल्या पोकळीत कोरडी वाळू भरायची. फळी थरथरू लागली की वाळूचे कण एकमेकांस घासतात आणि थरथर जिरवतात. घराच्या कोपऱ्यात विटांची पेटी बांधून पाहण्यापर्यंत त्यांची मजल गेली होती. अशा यंत्रांच्या भरवशावर त्यांनी १९५४ साली लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये प्रत्यक्ष वादक आणि त्यांचेच ध्वनिमुद्रण आलटून पालटून ऐकवण्याचे धाडस केले, आणि पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये तोच प्रयोग केला. वाळूचा हा विचार पुढे बीबीसीच्या संशोधकांनी निराळ्या रीतीने नेला. जाड फळी घुमायची थांबत नाही, उलट तिचे घुमणे कानाला अधिक बोचणाऱ्या स्वरांत चढते, हे पाहून त्यांनी पातळ प्लायवूड घेतले आणि त्याला आतून डांबरी थर चिकटवला. १९७०च्या दशकात त्यांच्या बाह्यप्रक्षेपणाच्या गाड्यांत बसवण्यासाठी झालेली एलएस ३/५ए ही हातभर उंचीचीही नसलेली पेटी याच पद्धतीची.

इकडे हे चालू असता अमेरिकेत एडगर व्हिलचर यांनी १९५४ साली हवेचीच स्प्रिंग केली. त्यांची पेटी लहान, हवाबंद. शंकूच्या कडा इतक्या सैल की त्याला जागेवर आणण्याचे काम आत कोंडलेल्या हवेनेच करावे. त्या सैल कडेच्या कापडाचे बेतणे त्यांच्या पत्नी रोझमेरी यांनी केले होते. ‘एआर-१’ या नावाने निघालेल्या या पेटीच्या पोटात काचतंतूंचा पिंजलेला पुंजका भरलेला असे. आणि येथे कापूस भरण्याच्या साध्या उद्योगाचा संबंध थेट न्यूटनशी जाऊन भिडला.

तो संबंध असा. न्यूटन यांनी ध्वनीचा वेग गणिताने काढला तो सेकंदास ९७९ फूट आला. प्रत्यक्ष मोजला तो ११४२ फूट. ही सहाव्या हिश्शाची तूट भरून काढण्यासाठी त्या महापुरुषाने पुष्कळ ओढाताण केली, पण हिशोब खऱ्या अर्थाने जुळवला तो शंभरावर वर्षांनी लाप्लास यांनी. हवा दाबली की तापते, आणि ध्वनीची लहर एवढ्या त्वरेने जाते की ती उष्णता इकडेतिकडे वाटून टाकायला अवसरच मिळत नाही. त्यामुळे हवेची स्प्रिंग न्यूटनच्या अंदाजापेक्षा १.४ पट ताठ होते आणि ध्वनी अधिक वेगाने धावतो. आता पेटीत बारीक तंतू विखरून ठेवले, तर खर्जाच्या संथ लहरीतली तापलेली हवा आपली उष्णता शेजारच्या तंतूला देऊन टाकते आणि परततेवेळी ती परत घेते. हवा तापत नाही, म्हणून ताठत नाही. तिची स्प्रिंग नरम पडते, आणि पेटी आहे त्यापेक्षा मोठी असल्यासारखी वागू लागते. ही वाढ गणिताने चाळीस टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. व्यवहारात तिच्या निम्म्याच्या आसपास मिळाली तरी समाधान मानावे. मोकळ्या मैदानात जे न्यूटनचे गणित चुकले, ते कापसाने भरलेल्या पेटीत बऱ्याच अंशी खरे ठरते, हा विज्ञानेतिहासातला एक गोड योगायोग म्हटला पाहिजे.

आता पुन्हा ब्रॅडफर्ड. तेथील तंत्रविद्यालयात, ज्याचे पुढच्याच वर्षी विद्यापीठ झाले, शिकवणारे डॉ. आर्थर बेली यांनी ऑक्टोबर १९६५च्या ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात न घुमणाऱ्या पेटीचा एक आराखडा प्रसिद्ध केला. ओल्नी यांचा नागमोडी बोळ त्यांनी घेतला, परंतु अस्तर भिंतीवर लावण्याऐवजी सगळा बोळच लांब केसांच्या लोकरीने सैलसर भरून टाकला. नाका अखेर रहदारीच्या मधोमध आला. भरताना हात किती सैल असावा याचेही प्रमाण ठरले: घनफुटामागे सुमारे अर्धा पौंड. याहून कमी भरल्यास लहर निसटते. अधिक कोंबल्यास बोळाच्या तोंडाशीच भिंत उभी राहते आणि लहर मागे उलटते. चाळीस आवर्तनांच्या खर्जाची पाव लहर सुमारे सात फुटांची. पण लोकरीतून जाताना ध्वनी मंदावतो, त्यामुळे बोळ त्याहून आखूड असला तरी चालतो. आणि लोकर लांब केसांचीच का, तर आखूड केस गोळा होऊन बसतात, लांब केस एकमेकांस टेकून मोकळे उभे राहतात. गावातल्या गिरण्यांनी दीड शतक जो लांब केस आखुडापासून विंचरून वेगळा काढला, त्याला अशी नवी नोकरी मिळाली.

हा आराखडा हौशी सुतारांनी उचलून धरला. त्यांच्या तक्रारीही लवकरच आल्या. लोकर कितीही लांब केसांची असली तरी वर्षा-दोन वर्षांत स्वतःच्या भाराने खाली बसते; म्हणून बोळात आडव्या काठ्या बसवून त्यांवरून लोकरीचे पेळू टाकायचे, किंवा ती जाळीच्या पिशवीत भरून टांगायची. शिवाय कसर. म्हणून भरण्यापूर्वी लोकरीचा बंदोबस्त करणे आले. या दोन पीडांना कंटाळून पुष्कळांनी पुढे कृत्रिम तंतूंच्या लाद्या आणि उशांत भरतात तो पॉलिएस्टरचा कापूस जवळ केला. शास्त्र या सर्वांमागून सावकाश आले. एल. जे. एस. ब्रॅडबरी यांनी १९७६ साली दाखवून दिले की लोकर जागच्या जागी निमूट बसून राहत नाही. संथ लहरींबरोबर तीही झुलते, हवेला आपले वजन देते, आणि म्हणूनच ध्वनी तिच्यातून एवढा मंद चालतो. तोवर अकरा वर्षे लोक ती भरतच होते.

आमच्याकडे या विद्येची रुजुवात अशा ग्रंथांवरून झाली नाही. कॉलेजात असताना मी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आठ इंची शंकू आणला आणि पुण्याच्या घरी चहाच्या खोक्याच्या फळ्यांची पेटी ठोकली, ती पहिल्याच संध्याकाळी रांजणासारखी घुमली. दारावरून पिंजारी जात होता. त्याच्याकडून जुन्या गादीतला कापूस पिंजून घेतला आणि हातचे काही न राखता पेटीत ठासून भरला. आई म्हणाली, “अरे, पेटीला गादीवर निजवायचंय का तुला?” निजवायचेच होते, पण त्या दाटीत खर्जही निजला आणि गाणाऱ्याच्या तोंडावर उशी दाबल्यासारखे झाले. मग निम्मा कापूस काढला, उरलेला सुतळीच्या जाळ्यावर सैल पसरला, आणि पाठीच्या फळीला आजोबांच्या घोंगडीचा तुकडा बारीक खिळ्यांनी ठोकला. दख्खनी मेंढीची लोकर राठ. अंगाला टोचते, म्हणून शहरात तिला कोणी विचारत नाही. परंतु राठ असल्यानेच ती चेपून बसत नाही, आणि पेटीत हा दुर्गुण गुण होतो.

गेल्या उन्हाळ्यात ती पेटी उघडली. पाठीचे दहा स्क्रू काढले तेव्हा कापसाचा तळाशी गोळा झालेला होता, अगदी जुन्या गादीसारखा. घोंगडीला दोन जागी कसर लागली होती, पण ती खिळ्यांवर ताठ उभी होती. पिंजाऱ्याची धनुकली आता आमच्या पेठेत ऐकू येत नाही, म्हणून बोटांनीच कापूस मोकळा केला, जाळ्यावर पुन्हा पसरला आणि पाठ बंद केली. मग तंबोऱ्याचे एक जुने मुद्रण लावले. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा एक धागा सरकवलेला असतो. तो केसभर इकडेतिकडे झाला की जवारी उघडते, आणि एका तारेतून स्वरांची सगळी प्रभावळ जागी होते. ती प्रभावळ कोठे उघडते आणि कोठे मिटते, हे त्या रात्री त्या खोक्याच्या फळ्यांतून मला स्वच्छ ऐकू आले. तिकडे सूतभर कापसाने जे जागे केले होते, ते इकडे पेटीभर कापूस निजलेल्या हवेवर पहारा करीत होता म्हणूनच माझ्यापर्यंत पोचले.